पद्मदुर्गाचे पोस्टकार्ड

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, वाकोल्याचा एक गृहस्थ अंधेरी पूर्वेच्या एका छोट्या हॉटेलच्या काउंटरपाशी आला आणि त्याने एक पोस्टकार्ड पुढे ठेवले. पत्ता माझ्या अक्षरातला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी त्या हॉटेलात दिवसपाळीची क्लार्क होते.

हॉटेलात आठ खोल्या होत्या. त्यांना नंबर नव्हते, किल्ल्यांची नावे होती. प्रत्येक खोलीत पलंगाच्या वरच्या भिंतीवर त्या त्या किल्ल्याचे चित्र रंगवलेले होते आणि चाव्या लाकडी ढालींना अडकवलेल्या असत. पाहुण्यांचा उल्लेखही किल्ल्यानेच होई. ‘सिंधुदुर्गला गरम पाणी’, ‘पन्हाळ्याचा फोन आहे’, असे बोलणे दिवसभर चाले. नावे फक्त रजिस्टरात असत.

रजिस्टरावर पुठ्ठ्याचा एक तुकडा असे. शर्टाच्या खोक्याच्या त्या पुठ्ठ्याला मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापलेली होती. पाहुण्याने त्या खिडकीतून स्वतःची ओळ भरायची: नाव, पत्ता, व्यक्ती किती, आल्याची वेळ, काम, सही. वरच्या ओळी झाकलेल्या राहत. मालक पूर्वी एका गिरणीच्या दवाखान्यात कारकून होता. तिथे औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका कामगाराने दुसऱ्याच्या नावापुढचा आजार वाचला आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी चाळभर झाली. हॉटेल काढले तेव्हा मालकाने पहिल्या दिवशी पुठ्ठा कापला, मग चहाची किटली आणली, असे तो सांगे. तपासणीला येणाऱ्या हवालदाराशिवाय कोणासाठीही पुठ्ठा उचलला जात नसे.

मी मात्र रजिस्टर वाचत असे. नावे नाही, फक्त कामाचा रकाना. माणसे अंधेरीला कशासाठी येतात याचे मला कुतूहल होते. ‘विमान’, ‘मुलगी पाहणे’, ‘डोळे’, ‘साक्ष’ अशा नोंदी मी घरी जाऊन एका वहीत उतरवून ठेवत असे. मालकाला ते माहीत नव्हते.

त्या रकान्यात एक नोंद पुन्हा पुन्हा येई: ‘खासगी’. ती लिहिणारी बाई पस्तिशीची होती, एका इस्पितळात आया. महिन्यातून दोन मंगळवारी ती दहाला येई आणि पाचला जाई. खोली नेहमी पद्मदुर्गच. जाताना ती दोरीने बांधलेली कापडी पिशवी काउंटरमागच्या कपाटात ठेवायला देई. पिशवीत काय आहे, हे मी विचारले नव्हते. विचारावेसे दर वेळी वाटले.

पोस्टकार्डांची कल्पना मालकाची. दोनदा किंवा जास्त वेळा आलेल्या पाहुण्यांना दिवाळीच्या शुभेच्छा जाव्यात, म्हणून त्याने कार्डे छापून घेतली. एका बाजूला किल्ल्याचे चित्र, दुसऱ्या बाजूला हॉटेलचे नाव आणि एक ओळ: ‘आपला … आपली वाट पाहत आहे.’ मोकळ्या जागेत किल्ल्याचे नाव मी हाताने भरायचे. उघडे कार्ड घरात कोणीही वाचू शकते, हे मालकाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

कार्ड घेऊन आलेला गृहस्थ पद्मदुर्गच्या त्या बाईचा नवरा होता.

“हे तुम्ही पाठवलं?”

“हो.”

“कोण वाट बघतोय माझ्या बायकोची?”

“ते खोलीचं नाव आहे. किल्ला आहे तो.”

“मला इतिहास नका शिकवू, मॅडम. ती तर मंगळवारी बदली ड्यूटी सांगते. इथे कोणाबरोबर येते? रजिस्टर काढा.”

मालक आतून बाहेर आला. “बसा साहेब. पाणी घ्या.”

“पाणी नको. रजिस्टर.”

“ते नाही मिळणार. त्या इथे येतात की नाही, तेही मी सांगणार नाही.”

“मग कार्ड काय भुताने टाकलं?”

“कार्ड ही आमची चूक. पण ती निस्तरायला दुसरी चूक करणार नाही. त्यांना घेऊन या. त्यांची ओळ त्यांना दाखवतो. त्यांनी तुम्हाला दाखवली तर तुम्ही बघा.”

नवऱ्याने कार्ड खिशात घातले. “आणतो. शेजारच्या वहिनीनेही वाचलंय ते. आता सगळ्यांसमोरच होऊ दे.” तो जिना उतरून गेला.

दुपारभर मालकाने रजिस्टर बंद ठेवले. ती एकटीच येत होती, हे आम्हा दोघांना माहीत होते. एका वाक्यात ते सांगता आले असते. मी तसे म्हटले. “सांगायचं ते तिने,” एवढेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी दोघे आले, तिसरे कोणी बरोबर नव्हते. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता. मालकाने रजिस्टर तिच्यापुढे केले. तिने पुठ्ठा सरकवत स्वतःची पहिली ओळ गाठली.

“वाचा,” ती नवऱ्याला म्हणाली. “व्यक्ती किती?”

“एक.”

तिने पान उलटले, पुठ्ठा पुढे सरकवला. “इथे?”

“एक.”

अशा नऊ ओळी झाल्या. मध्ये एकदा नवऱ्याने पुठ्ठ्याची कड उचलली. मालकाने त्यावर पंजा ठेवला. “यांच्या ओळी यांच्या. वरच्या दुसऱ्यांच्या.”

“ठीक आहे, एकटी,” नवरा म्हणाला. “मग दिवसभर खोलीत करतेस काय? झोपतेस?”

ती माझ्याकडे वळली. “ताई, पिशवी द्या.”

तिने दोरी सोडली. दहावीची पुस्तके, चार वह्या आणि एक कंपासपेटी निघाली.

नवरा बघत राहिला. “परत?”

“परत. बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय. मार्चला पेपर.”

“अगं, दोनदा आपटलीस. आता तिसऱ्यांदा?”

“दोनदा आपटले तेव्हा पेढे कधी, पेढे कधी करत चाळभर कोण फिरलं होतं? तुम्ही आणि तुमचा भाऊ. म्हणून घरी नाही काढली पुस्तकं.”

“मस्करी होती ती.”

“तुमची मस्करी. पास झाले तर नर्सिंगचा फॉर्म मिळेल मला. नाहीतर आहेच बेडपॅन.”

त्याने वरची वही उघडली. आत वर्तुळे, स्पर्शिका, पेन्सिलीने काढलेले त्रिकोण होते.

“हे तू काढलंस?”

“नाही, पद्मदुर्गाने.”

मालक हसला. नवरा हसला नाही. त्याने बरीच पाने उलटली, मग वही मिटून परत पिशवीत ठेवली. “घरी ने,” तो म्हणाला.

“नाही. इथेच राहू दे.”

पिशवी मी कपाटात ठेवली. दोघे बरोबर जिना उतरले. त्याच दिवशी उरलेल्या कार्डांसाठी मालकाने साधे लिफाफे मागवले. माझी वही मी घरी फाडली, ‘खासगी’ लिहिलेले एक पान सोडून.

त्यानंतरच्या मंगळवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना ती आली, पुठ्ठा लावला आणि ओळ भरली. व्यक्ती: एक. कामाच्या रकान्यात ‘भूमिती’ असे लिहिले होते.