रुमालाखालची बोटं

आमचे बाबा धसईत खोकले की शहापूरच्या बाजारातले बैल कान टवकारायचे. यात अतिशयोक्ती असेल तर ती बैलांची, माझी नाही. नव्वदच्या दशकात अख्ख्या मुरबाड तालुक्यात त्यांच्यासारखा बैल पारखणारा दुसरा नव्हता. त्यांना साखर होती, प्रेशर होतं, छातीत धडधड व्हायची; पण हे सगळे त्यांच्या लेखी खुर्चीवर बसणाऱ्यांचे आजार. चक्कर आली तरच गोळी घ्यायचे. उरलेल्या गोळ्या एकदा मारक्या बैलाला चारल्या, तर तो इतका गरीब झाला की शेजारणी त्याला गाऱ्हाणी सांगायला यायच्या.

म्हशाच्या जत्रेत बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव सांगायचा. त्या हिवाळ्यात एका जोडीसाठी बाबांचा असाच सौदा रंगला होता. समोरचा व्यापारी एकदम म्हणाला, "दादा, बोटं का सोडली? जोडी नको काय?"

 त्याने रुमाल काढला, तर बाबांचा उजवा हात मेल्या माशासारखा पडलेला आणि तोंड वाकडं.

जीपमध्ये घालून त्यांना मुरबाडच्या दवाखान्यात आणलं. खरं सांगतो, घरात कोणी फारसं घाबरलं नाही. त्याचं कारण शेजारचे काका, बाबांचे लंगोटीयार. फुंकर मारली तर माळशेजपलीकडे पडतील असा देह. त्यांना असाच लकवा मारला होता, याच दवाखान्यात आणलं होतं, पण पुढच्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गडी चिखलात उभा! मग आमचे बाबा तर पैलवान. आई म्हणाली, "ती काडी उठली, तर हे काय पडून राहतील?"

काकांनीही डॉक्टरांना बजावलं, "साहेब, माजं तं याच्या दुप्पट होतं. हा आठवड्यात बैलामागं धावल, बघा तुमी."

डॉक्टरांनी काकांना बाकावर बसवलं. "काका, झटका आला तेव्हा तुमचं बाकीचं शरीर धड होतं. यांचं हृदय आधीच अडखळतंय, साखरेनं मूत्रपिंडं खराब केलीत. झटका तुमच्यापेक्षा मोठा नाही. पण यांना सावरायला आतून कोणी शिल्लक नाही."

काका खिशातला रुमाल काढून त्याच्या घड्या घालत बसले. 

बाबांची वाचा गेली होती. पडून राहून पाठीला झालेली जखम भरेना, छातीत कफ साठू लागला. काका रोज दुपारी एसटीने यायचे, बाबांच्या डाव्या हातावर आपला रुमाल टाकायचे आणि खालून हात धरायचे. "बोल रे, तुजी बैलजोडी कितीला देतोस?" बाबा बोटं दाबायचे. "अरे लुटारू! दोस्ताला पन सोडत नाय!" बाबांचं अर्धं तोंड हसायचं.

मी गावभर सांगत सुटलो, बाबांची पकड अशी की काकांच्या डोळ्यांत पाणी येतं. यातलं पाणी खरं होतं. पकड रोज सैल होत चालली होती.

एका दुपारी काकांनी रुमाल टाकला, भाव विचारला आणि वाट बघत बसले. बाबांची छाती हलत नव्हती. आईनं हाक मारली तसे डॉक्टर धावत आले आणि नाडी बघायला त्यांनी हात पुढे केला.

"थांबा साहेब," काका रुमालावरून नजर न काढता म्हणाले, "त्याचा भाव यायचाय अजून."

डॉक्टर थांबले.