मुक्या सिनेमातली आई

विसरवाडीच्या फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशीला आम्ही सिनेमात घेतलं, तेव्हा ती पंचावन्नच्या पुढे होती. तरुणपणी ती तमाशाच्या फडात नाचायची. गुडघे गेले, फड सुटला, आणि ती ट्रकवाल्यांना चहा देत महामार्गाच्या कडेला बसली.

मी तेव्हा आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होते. बाळंतपणात अडलेल्या बाईला वेळेवर दवाखान्यात न्यावं, एवढंच सांगणारा सिनेमा आम्हाला करायचा होता. पण कुठल्या भाषेत? खाली सपाटीवर अहिराणी, नवापूरकडे आदिवासींची कोकणी, वर सातपुड्यात पावरी आणि भिली. शेवटी ठरलं, बोलणंच नको. वीस मिनिटांचा मूकपट. घरच्यांनी उशीर केल्यामुळे दगावलेल्या मुलीच्या आईचं काम मावशीला दिलं. फडातली बाई आहे, डोळ्यांनी बोलेल, असं मला वाटलं.

धानोऱ्याजवळ एका शेतातल्या घरात शूटिंग झालं. शेवटच्या प्रसंगात तिने हंबरडा फोडावा, असं कॅमेरावाल्याने तीनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं. कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र ती खाटेशी बसली आणि मुलीच्या पायांवरून सरकलेलं लुगडं नीट करत राहिली. पुन्हा पुन्हा तेच. आम्ही ते तसंच ठेवलं.

पहिला खेळ धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर होता. शाळेच्या खिडक्यांना गोधड्या लावून भर दुपारी अंधार केला. मावशी हौसेने सोबत आली होती, मागे भिंतीला टेकून बसली होती. सिनेमा संपला तरी कोणी उठेना. मग एक म्हातारी वाट काढत मावशीजवळ आली, तिचा हात धरून पावरीत काहीतरी बोलली. सिनेमा खरा नसतो, हे हिला सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिथल्या आशाताईंनी अर्थ सांगितला.

"पोर केवढी होती, विचारतेय."

मावशीने चार बोटं वर केली. म्हातारी मान हलवून तिच्या शेजारी बसली. मला कळेना. सिनेमातली मुलगी तर चांगली वीस वर्षांची.

परतताना शहादा आलं. मावशी बाहेरच्या केळीकडे बघत म्हणाली, "मन्ही पोर गयी तवय फड चालू व्हता. चार वरीसनी व्हती."

पोर आजोळी तापाने गेली होती. निरोप जत्रेत पोचला, तेव्हा हिच्या पायात चाळ बांधून झाले होते. त्या दिवसाचा खेळ तिने पुरा केला. गावी पोचली तोवर सगळं उरकलं होतं; तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. इतक्या वर्षांत पोरीचं वय तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पुढे दरवर्षी होळीला टपरी बंद ठेवून ती एकटीच पाड्यावर जायची. दोघी म्हातारीच्या ओट्यावर दिवसभर बसायच्या. हिला पावरी येत नव्हती, तिला अहिराणी.

गेल्या वर्षी मावशी गेली. म्हातारीला कळवायचं मी आज-उद्यावर टाकत राहिले. ती वाट बघत बसली असेल, हे माझ्या लक्षात होळी होऊन गेल्यावर आलं. मग गेले. आशाताईंनी तिला पावरीत सांगितलं, तेव्हा म्हातारीने मला उशीर का केला म्हणून विचारलं नाही. सरकून ओट्यावर जागा करून दिली.