सुनीतानं न फाडलेलं पान

सुनीता गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याचाच आला. मी नगरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. वर्षभर तिचं डायलिसिस चालू होतं, म्हणजे अगदीच अचानक नव्हतं. तरी मी येड्यासारखं विचारलं, "कोणती सुनीता?" माझ्या आयुष्यात सुनीता एकच होती... शेजारच्या बाईनं दंडाला धरून मला बाकावर बसवलं.

आता महिना होऊन गेला. कर्जतकडच्या ज्या शाळेत तिनं इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, तिथली मुलं तिच्याबद्दल भरभरून बोलतात. बोलूदे, खरंच आहे ते. मला मात्र तिच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दलच लिहावं लागणार आहे.

नव्वदीच्या दशकात आम्ही दोघी नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. मी राहुरीची, वडील साखर कारखान्यात क्लार्क. ती कर्जतजवळच्या खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातली, घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. हॉस्टेलला एकच खोली, लॅबमध्ये एकच टेबल. तारा सोलायचा स्ट्रिपर मुलांच्या टेबलांवरून आमच्यापर्यंत यायचाच नाही, म्हणून सुनीता तारांची टोकं दातानं सोलायची आणि वर मलाच म्हणायची, "तुजे दात काय दाखवायला ठिवलेत गं?" हसून हसून माझ्या हातातली तार सुटायची.

एका आठवड्याचं प्रॅक्टिकल होतं नँड गेटचं. अगदी साधं सर्किट. दोन्ही इनपुट 'एक' दिले तरच आउटपुट शून्य, म्हणजे एलईडी विझायला हवा. बाकी तिन्ही वेळा लागलेला. पुस्तकात तक्ता छापलेलाच होता. आमच्या वर्गाची रीत अशी, की तक्ता आदल्या दिवशीच जर्नलमध्ये उतरवून ठेवायचा आणि लॅबमध्ये एलईडी आपला लावून बघायचा. मीही उतरवला होता. सुनीतानं मात्र रकाना कोरा ठेवला होता.

शेवटच्या ओळीला एलईडी विझेना. "मंगल, ह्यो तर लागलेलाच हाय की!" तिनं दोनदा सगळ्या तारा काढून पुन्हा लावल्या. एलईडी आपला लागलेलाच. "अगं शून्य लिही आणि मोकळी हो," मी म्हटलं. तिनं 'एक' लिहिलं आणि सप्लाय बंद केला, कारण तास संपत आला होता.

सर जर्नल तपासायला आले. एकाच बोर्डावरची दोन उत्तरं बघून त्यांचा पारा चढला. त्यांनी मला विचारलं, "तुला काय दिसलं?" सर माझ्या वडिलांच्या ओळखीचे. खरं बोलले असते तर तक्ता आधीच उतरवल्याचं उघडं पडलं असतं. मी म्हणाले, "शून्य, सर." सुनीतानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आता मी काहीतरी बोलेन, अशा नजरेनं. मी तारा गोळा करत बसले.

पुढच्या आठवड्यात तिनं दुसरी आयसी, म्हणजे गेटची चिप, लावून प्रयोग पुन्हा केला. या वेळी एलईडी बरोबर विझला. तिनं नव्या पानावर शून्य लिहिलं. "आता ते आधीचं पान फाड, म्हणजे सही करतो," सर म्हणाले. "न्हाई फाडनार, सर. दिसलं तेच लिवलंय." सर म्हणाले, मग सहीही नाही. दोघंही हट्टाला पेटले.

सबमिशनच्या दोन दिवस आधी लॅबमधल्या शिपाईमामांनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या टेबलाची त्या दिवसाची आयसी खराब निघाली गं पोरी, टाकून दिली मी." मी सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. आत सर चहा पीत होते. मी परत फिरले... बास, एवढंच. इतक्या वर्षांत मी या 'एवढंच'ला नाना कारणं चिकटवून बघितली. मी भ्याले, हे एकच कारण खरं.

जर्नल अपुरं म्हणून तिची टर्म मंजूर झाली नाही, वर्ष वाया गेलं. घरच्यांनी पुन्हा नगरला धाडलं नाही. पुढं ती डी.एड. झाली, मास्तरीण झाली. मी एमआयडीसीतल्या कंपनीत टेस्टिंगला लागले. 'बरंच झालं की तिचं,' असं मी मनाची समजूत घालत राहिले.

तिच्या जलदानविधीला मी कर्जतला गेले. माणसं पांगल्यावर तिच्या नवऱ्यासमोर, दाजींसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रडणं आवरत नव्हतं. दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"तिला ठावं हुतं, ताई. नगर सोडायच्या दिवशी लॅबमधले मामा तिला भेटल्ते. तुमाला आधीच सांगितलंय, असंबी म्हनले."

"मग कधी बोलली का नाही ती?"

"मी लई येळा म्हनायचो, तूच इचार की. तर म्हनायची, इचारून काय उपेग? तिचं तिनं सांगाया पायजे. सांगंल ती कधीतरी."

दर रविवारी सुनीताचा फोन यायचा. पोरं, शाळा, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं तरी ती लगेच फोन ठेवायची नाही. पलीकडं नुसती थांबायची. मला वाटायचं, विषय संपले. मग मीच म्हणायचे, "चल, ठेवते." शेवटच्या रविवारी दवाखान्यातून बोलली, तेव्हा बराच वेळ थांबली होती. मी म्हटलं, "दमली असशील, ठेव आता."

"बरं," म्हणाली, आणि तिनं ठेवला.