गार गाडी आणि पाव्हण्यांचं धोतर

आता हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच. हसा!

आम्ही मानकोलीचे. भिवंडीत आमचे कापड विणायचे चार लूम आणि दारात एक जुनी मोटार. लूमच्या खोलीत दिवसभर उकडून निघायचो, म्हणून मुंबईहून मिस्त्री आणून त्या म्हाताऱ्या मोटारीत एसी बसवला. त्या काळात आमच्याकडे कुणाच्या घरातसुद्धा एसी नव्हता, बोला! मिस्त्री जाताना हिंदीतून बरंच काही समजावत होता. पण ऐकतोय कोण? मी डोळे मिटून तोंडावर वारा घेत बसलेलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर गाडीखाली थेंब थेंब पाणी. एसीची रबरी नळी गळत होती. आता आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर होड्या. गळती दिसल्यावर हात गप्प बसतो होय? लूमवरचं तुटकं सूत घेतलं, डांबरात बुडवलं आणि ठोकलं नळीत. एक थेंब बाहेर येईल तर शपथ!

त्याच गाडीतून वळ गावच्या पाव्हण्यांना आणायला गेलो. धाकट्या बहिणीची, मंदाची, सोयरीक ठरायची होती. आधीची दोन स्थळं हातची गेलेली, त्यामुळे आई देव पाण्यात घालून बसली होती.

मुलाचे वडील हिरामणशेट. कडक इस्त्रीचं पांढरंशुभ्र धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले. एसीची पेटी समोरच्या फळीखाली, बरोबर त्यांच्या मांडीच्या वर.

"काय गारवा हाय रं!"

मी फुशारून एसी अजून वाढवला. थोडं पुढं गेलो आणि शेट चुळबुळ करायला लागले.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाय. गाडी खाडीवर घे."

"आधी घर, मग खाडी!" मला वाटलं, गार हवेत फिरायची हौस आलीय.

दारात आई पाय धुवायला तांब्या घेऊन उभी. पाव्हणे उतरेनात!

"मी हितंच बसतो."

झालं! गावभर बातमी, पाव्हण्यांना एसी सोडवेना. बाबा छाती फुगवून म्हणाले, "बसू द्या! इंजिन चालू ठेव रे. चहा गाडीतच न्या!" मंदानं पदर सावरत खिडकीतून कप दिला. शेटनी मुलीला एकच प्रश्न विचारला, "घरात मोठा टावेल हाय का?"

टॉवेल घेऊन मी गेलो. त्यांनी माझा कान जवळ ओढला.

"पोरा, वय झालं. थंडीनं धोतर कवा ओलं झालं, कळलं बी न्हाय. कुठं बोलू नको. पोरगी पसंत हाय."

माझी नजर एसीच्या पेटीकडे गेली. नळी! मी कोंडलेलं पाणी पेटीतून उलटं त्यांच्या मांडीवर ओघळत होतं. खरं सांगावं तर शेट भडकून सोयरीक मोडणार. मला त्यांची दया आली, लाज वाटली, पण बहिणीसाठी तोंड शिवून बसलो.

ते टॉवेल गुंडाळून उतरले. मी घाईघाईनं त्यांच्या जागेवर बसून एसी बंद करायला गेलो, पेटीला धक्का लागला आणि उरलंसुरलं पाणी भस्सकन माझ्या पँटवर!

उतरलो तर सगळ्या आळीचे डोळे माझ्या पँटवर. पाण्याचं कारण सांगायची तर सोयच नव्हती. हिरामणशेट पुढं आले आणि सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून कळवळून म्हणाले, "अरेरे! एवढ्या कवळ्या वयात?"

मंदाचं लग्न त्याच वैशाखात लागलं. मला मात्र मुलगी मिळायला सहा वर्षं लागली, आणि तीही पार घाटावरची.