पितळी सूक्ष्मदर्शक आणि भाजलेले तांदूळ

निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी प्लॉटची दलाली करतं. मी एका बंद पडलेल्या कारखान्याचा इतिहास लिहायला घेतला. नागपुरातला हा कारखाना स्वातंत्र्यानंतरच्या काळात शाळांसाठी तराजू आणि दवाखान्यांसाठी सूक्ष्मदर्शक बनवायचा. चंद्रपुरातल्या आमच्या कॉलनीत लोक विचारत, तुम्ही तिथे कामाला होतात का? नाही म्हटलं की त्यांचा विषय संपायचा. खरं कारण मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या कारखान्याची भिंगं वाईट होती, हे मला कागदावर सिद्ध करायचं होतं.

त्याचं असं झालं. तीसेक वर्षांपूर्वी मी भामरागडकडच्या एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि खिडकीशी टेबल. तापाच्या रुग्णाच्या बोटातलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, ते रंगवायचं आणि भिंगाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे, हे माझं काम. टेबलावर त्याच कारखान्याचा पितळी सूक्ष्मदर्शक होता, माझ्याच वयाचा. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता. खिडकीतून येईल तेवढा उजेड त्यात धरायचा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की भर दुपारी काम अडायचं. नियम असा की एका काचपट्टीवरच्या शंभर जागा पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नाही. नियम करणाऱ्यांच्या खोलीत बहुतेक वीज असावी.

केंद्रात एक बाई परिचर होत्या. धानोऱ्याकडच्या, विधवा, सोबत वयात आलेली एक मुलगी. मी त्यांना बाई म्हणायचो. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असूनही मला भाऊ म्हणत. त्या भागात पावसाळ्यात चपलांना, वह्यांना, भिंतींना बुरशी धरते, तशी भिंगालाही धरते. ओल शोषणारे दाणे ठेवायला कारखान्याने सूक्ष्मदर्शकाच्या सागवानी पेटीत एक छोटा कप्पा केला होता, पण ते दाणे मी येण्याआधीच संपले होते. मागणीपत्रं वर गेली आणि वरच राहिली. बाईंनी आपला उपाय काढला. तांदूळ तव्यावर लाल होईपर्यंत भाजायचे, निवले की फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी कप्प्यात ठेवायची. मृगापासून दिवाळीपर्यंत दर सोमवारी त्या पुरचुंडी बदलत. यंत्राला नैवेद्य दाखवता का, म्हणून मी त्यांना चिडवायचो. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात ते काय मिठाची पूजा करायला, असं त्या उलट विचारायच्या.

एका श्रावणात बाईंनाच ताप आला. नदीला पूर होता, रस्ता बंद, डॉक्टर पलीकडे अडकलेले. तापाच्या नेहमीच्या गोळ्या आम्ही सगळ्यांनाच देत होतो. डोक्यात जाणाऱ्या हिवतापाचं औषध वेगळं होतं. ते कपाटात होतं, पण काचपट्टीवर जंतू दिसल्याशिवाय काढायचं नाही असा हुकूम होता. त्या दिवशी टेबलावर काचपट्ट्यांचा ढीग होता आणि खिडकीत उजेड नव्हता. बाईंच्या काचपट्टीच्या मी किती जागा पाहिल्या, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. तीस असतील, चाळीस असतील. शंभर नव्हत्या. मी ‘जंतू नाहीत’ लिहिलं आणि पुढची काचपट्टी घेतली. चौथ्या दिवशी बाई बरळू लागल्या, पाचव्या दिवशी गेल्या.

पूर ओसरल्यावर काचपट्ट्या फेरतपासणीसाठी जिल्ह्याला गेल्या. बाईंची काचपट्टी लाल शाईचा शेरा घेऊन परत आली. जंतू होते, भरपूर होते. चौकशीला साहेब आले तेव्हा मी सांगितलं, भिंगाला बुरशी आहे, धूसर दिसतं. पेटी उघडून कुणी पाहिली नाही. जुनं यंत्र आणि ओलं जंगल, दोन्ही गोष्टी साहेबांना पटण्यासारख्या होत्या. बाईंच्या मुलीलाही तेच सांगण्यात आलं. तेव्हा मी तिथेच उभा होतो. महिनाभरात बॅटरीवरच्या दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला. जुना पुढे भंगाराच्या लिलावात निघाला, तो मीच घेतला आणि घरी माळ्यावर टाकला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खोटं पहिल्यांदा बोलताना जड जातं, पुढे ते आपलं आपण चालतं. वर्षभरात मला भिंगावरचं ते धूसर जाळं खरोखर आठवायला लागलं. कुठल्या कडेला दाट होतं, कुठे विरळ, हेसुद्धा मी सांगू शकलो असतो.

तर इतिहास. रद्दीच्या दुकानात कारखान्याचं एक सूचिपत्र मिळालं, त्यावरून धागा लागला. दोन भागीदार होते, त्यातला एक आधी रेल्वेच्या मोजणीची यंत्रं दुरुस्त करायचा. पितळ इथेच ओतलं जायचं, भिंगाची काच बोटीने यायची, पेट्यांना आलापल्लीचं सागवान. हिवतापाच्या मोहिमेत इतकं काम आलं की कामगार दोन पाळ्यांत राबले. मग पितळ महागलं, बाहेरची स्वस्त यंत्रं आली, भागीदारांच्या मुलांना दुसरे उद्योग सुचले. आज त्या जागी शिकवणी वर्ग चालतो. मी जुनी पत्रं, पावत्या, दवाखान्यांच्या तक्रारी गोळा केल्या. तक्रारी भरपूर निघाल्या, पण सगळ्या पेटीच्या कडीकोयंड्याच्या. भिंगाची एकही नव्हती. मला त्या मेलेल्या कारखान्याचा रागच आला.

गेल्या मार्चमध्ये कळलं, की तिथे भिंगं तपासणारा एक कामगार हयात आहे आणि मूल तालुक्यातल्या आपल्या गावी राहतो. माळ्यावरची पेटी न उघडताच पिशवीत घातली आणि एसटीने गेलो. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, धानाची शेती मुलांकडे दिलेला. त्याने ओसरीवर पंचा पसरला, पेटी उघडली आणि ओळखीच्या माणसाचा खांदा धरावा तसं यंत्र उचललं. भिंग फिरवून काढलं, डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं जुनं भिंग लावलं आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. मी त्याला बुरशीचं सांगितलं.

“बुरशी काच खाते, भाऊ,” तो म्हणाला. “मागून किती बी पुसा, खड्डे राह्यतेच. याले कवाच बुरशी नाई लागली.”

मग त्याने तो कप्पा ओढला. आत पुरचुंडी होती. त्याने तिची गाठ सैल करून आत पाहिलं. तांदूळ काळपट झालेले, निम्म्यांचा भुगा. हे कोणी ठेवलं, असं त्याने विचारलं. आमच्या केंद्रातल्या बाईंनी, मी म्हटलं. एवढी अक्कल आमच्या अख्ख्या कारखान्यात कुणाला सुचली नाही, असं म्हणून तो हसला आणि गाठ पुन्हा आवळली.

नाचता येईना अंगण वाकडे, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना किती वेळा ऐकवलं असेल. अंगण सरळ होतं. ते सरळ ठेवणाऱ्या बाईला मी मारलं. ‘मारलं’ हा शब्द जड आहे, पण हलके शब्द मी तीस वर्षं वापरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला गेलो. बाईंची मुलगी तिथेच असते, तीही आता पन्नाशीला आली आहे. अंगणात मोहफुलं वाळत होती. मी कोण ते तिने ओळखलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तीस-चाळीस जागांचं, खोट्या बुरशीचं, काल त्या म्हाताऱ्याकडून कळलं त्याचं. ती हाताने फुलं वरखाली करत ऐकत होती.

“मले मालूम होतं, साहेब,” ती म्हणाली. “मायले ताप होता तवा तिनं मले सांगतलं, आज सोमवार आहे, पेटीतले तांदूळ बदलवजो. मीच बदलवले. भिंग साफ होतं.”

मग तेव्हा का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

“तुमी म्हणले यंत्र खराब, तं खराब. माह्यं कोण आयकते?”

पुरचुंडी माझ्या पिशवीत होती. मी ती काढून तिच्यापुढे धरली. तिने हात साडीला पुसले, पुरचुंडी घेतली आणि फडक्याची किनार बोटांनी चाचपली. हे मायच्या जुन्या लुगड्याचं, एवढंच म्हणाली आणि आत घेऊन गेली. मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो. ती बाहेर आली नाही, तेव्हा एसटी स्टँडकडे निघालो.