चमचाभर नॅनो सोनं

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते मुलुंडच्या मावशीमुळे. तिच्याकडे राहूनच मी एम.एस्सी. झाले. त्या मावशीने संधिवाताच्या गोळ्या तीन आठवडे बंद ठेवल्या होत्या. पोळी लाटायचंही बळ बोटांत उरलं नव्हतं, आणि ती सकाळ-संध्याकाळ चमचाभर ‘नॅनो सोनं’ पीत होती.

ते विकणारा बी विंगमधला एक निवृत्त साहेब. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये टाय लावून आरोग्यावर बोलायचा. पूर्वी संधिवाताला सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत, एवढं एक खरं त्याने कुठूनतरी उचललं होतं. बाकी सगळी थापेबाजी. “गोळ्या आणि सोनं एकत्र चालत नाही,” असं तो ठणकावायचा. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र हा पठ्ठ्या भाषण थांबवून, घड्याळ बघून घ्यायचा.

मी मावशीबरोबर गेले. त्याने बाटली हलवली. आत पिवळी चमचम.

“काका, कण केवढे आहेत?”

“अगं, नॅनो! डोळ्यांना दिसणारच नाहीत.”

“मग हे चमकतंय ते काय दिसतंय?”

मागून कुणीतरी ओरडलं, “काकांची वाट लागली!”

मला चेव चढला. मी अंधेरीच्या ज्या कारखान्यात काम करते तिथे गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्ट्या बनतात. त्यांवरची लाल रेघ सोन्याच्या कणांचीच असते. सोनं इतकं बारीक झालं की पाण्यात लाल दिसतं. हे मी सगळ्यांना ऐकवलं. नॅनो सोनं विकणाऱ्याला त्याचा रंगही ठाऊक नव्हता. असल्या अडाण्याला लोक ‘सर’ म्हणत होते.

परतताना जिन्याशी मावशी म्हणाली, “त्याचं खोटं ना? मग तुझ्या कारखान्यातलं खरं आण की गं थोडं.”

त्या माणसाला हरवायच्या नादात मुख्य ते सांगायचं राहिलंच होतं.

“मावशी, ते कागदावर लावायचं असतं. पोटात गेलं तर यकृतात साठू शकतं, आणि किती काळ राहील हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. कॅन्सरवर त्याचे प्रयोग चाललेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून.”

“म्हणजे माझ्या गोळ्याच बऱ्या?”

“हो.”

“बंद केल्या म्हणून डॉक्टर ओरडतील.”

“ओरडतील. मी येते ना आत तुझ्याबरोबर.”

तिने जिन्याकडे पाहिलं. “मग वर कशाला चढायचं? आत्ताच चल.”