काळ्या चौकटीतला पाहुणा

हिंगोलीत जीपमध्ये चढलो, तेव्हा माझ्या पिशवीत अमेरिकेतले डझनभर खुनी, काही दरोडेखोर आणि एक पळवून नेलेली बाई होती. कागदावर, अर्थात! दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे कुणाला फाशी झाली, की एका बाजूनं छापलेले सुटे कागद गर्दीत विकत. काळी चौकट, शवपेटीचं चित्र आणि खाली गुन्हेगाराचे 'अखेरचे बोल'. त्यांच्या नकला जमवायचा मला नाद. त्यावर बोलायला बोलावलं तर मी चंद्रावरही जाईन. या वेळी साखऱ्याला निघालो होतो.

तिथल्या वाचनालयाच्या कांताताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "सर, सरपंच म्हनून राहिले, मानसं येत न्हाईत तर खोली खताच्या पोत्यांला द्या. तुमच्या बोलन्याला खोली भरली तर राहिली, न्हाई तर चावी गेली."

म्हणून मी जाहिरात स्वतःच अंगावर घेतली. सेनगावच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर, एका कागदाचं चित्र आणि माझा फोटो पाठवून बजावलं, "चौकट, पेटी, सगळं तसंच ठेवा. जुना बाज जाता कामा नये." स्वतःचा खड्डा इतक्या आवडीनं कुणी क्वचितच खणला असेल.

नरसी नामदेवला गरम भजी खाल्ली, त्यातलं एक शर्टानं खाल्लं. पुढे दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली, रस्त्याकडेला सोयाबीनचे ढीग. मी लहान पोरासारखा खिडकीला चिकटलो होतो. आणि सेनगावच्या चौकात मीच मला भेटलो! काळ्या चौकटीत, हसरा, डोक्यावर शवपेटी. खाली ठळक अक्षरं: 'खुन्याचे अखेरचे बोल. आज दुपारी, वाचनालय, साखरा.'

तिथं जीप बदलली. साखऱ्याच्या जीपमध्ये समोर तांड्यावरची एक आजी बसली होती. तिनं मला निरखलं.

"बाबा, बोर्डावरचे तुमीच का?"

"हो, म्हणजे, फोटो माझा आहे."

"मंग काहून (का) मारलं त्याला?"

खुलासा करायला पिशवी उघडली, तर फासाचं चित्र नेमकं तिच्याच मांडीवर पडलं.

"मालक, तुमी पुढं या," ड्रायव्हर म्हणाला. "नजरंसमोर आसलेलं बरं."

साखऱ्यात वाचनालयाच्या खिडक्यांतसुद्धा माणसं होती. कांताताई धावत आल्या. "काय केलंत हो सर! अख्खं गाव येऊन राहिलं!"

दारातच सरपंच. "खुनी कुठंय?"

"मीच," मी म्हणालो.

हशा झाला, पण फसल्याची कुजबुजही झाली. त्यात मी छपाईच्या इतिहासापासून सुरुवात केली! मागची रांग उठली. सरपंचांनी चावीसाठी हात पुढे केला. कांताताईंचा चेहरा पाहून मी टिपणं खाली टाकली आणि सरळ त्या पळवून नेलेल्या बाईचा कागद वाचू लागलो. हल्लेखोर टोळीनं घरातून ओढून नेलं, बर्फातून चालवलं, परक्यांत वर्षं काढली, शेवटी सुटून घरी आली. देवाचे आभार. समाप्त.

"मंग?" जीपमधली आजी. "घरात घेतलं का तिला?"

"कागद इथंच संपतो, आजी."

"कागद संपला. बाई कुठं संपली?"

खोली पेटलीच!

"लेकरं वळखतील का तिला?"

"नवऱ्यानं दुसरी केली आसंल!"

"केली तर केली, घर तिचं न्हाई का?"

उठलेली रांग परत बसली. सरपंच तावातावानं म्हणाले, "घेतलं आसंल. घ्यायलाच पायजे!" आणि म्हणता म्हणता स्वतःच सतरंजीवर बसले. दिवेलागणीपर्यंत कुणी हललं नाही. उठताना सरपंच कांताताईंना म्हणाले, "चावी राहू द्या. पोती माज्या वसरीत (ओसरीत) ठिवतो. तकलीफ न्हाई."

त्या रात्री कांताताईंकडे भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी मी लाज सोडून ओरपली.

सकाळी परतताना आभाळ भरून आलं होतं. सेनगावच्या चौकात फ्लेक्स नव्हता. थोडं पुढे सोयाबीनच्या ढिगावर तो ताणलेला दिसला: माझं हसरं तोंड वर, चार कोपऱ्यांवर चार दगड.

कालच्याच ड्रायव्हरनं जीप हळू केली. "मालक, तुमी कामाला लागले की!"

खरंच होतं. ते अमेरिकी कागदही कुणी ट्रंकेच्या तळाशी अंथरले, कुणी पुठ्ठ्यात चिकटवले, म्हणून उरले. छापणाऱ्याला एका दिवसाच्या विक्रीपलीकडे कशाची पर्वा होती?

घरी आल्यापासून मी एकच शोधतोय: त्या बाईला घरात घेतलं का? अजून सापडलेलं नाही. उत्तराशिवाय त्या जीपमध्ये पुन्हा पाय ठेवायची माझी छाती नाही. आजी समोर असेल, आणि ड्रायव्हर मला पुढेच बसवेल.